छोट्या प्रॉडक्ट टीमसाठी डिझाइन सिस्टम कशी उभी करायची: इंदूरहून, पहिल्या स्क्रीनशॉटपासून जुनं बटन डिलीट करेपर्यंत

विजयनगर असो, सुपर कॉरिडॉर असो की क्रिस्टल आयटी पार्क, इंदूरच्या कुठल्याही प्रॉडक्ट ऑफिसात डेव्हलपर डिझायनरच्या खुर्चीमागे येऊन एकच विचारतो, "भिया, ये वाला बटन कौनसा लेना है?" आणि डिझायनर दरवेळी नव्याने विचार करून उत्तर देतो, कधी हे निळं, कधी ते जरा गडद निळं, आणि दोन महिन्यांनी ॲपमध्ये बटनांचे इतके प्रकार होतात की नवीन आलेल्या मुलाला कोणतं खरं ते कळतच नाही. डिझाइन सिस्टम म्हणजे हे उत्तर एकदाच द्यायचं, कारणासकट लिहून ठेवायचं आणि कोडमध्ये असं बसवायचं की परत विचारायची गरज पडू नये. फिग्मा या डिझाइनच्या टूलमधली सुंदर लायब्ररी हा त्यातला एक भाग झाला, पण तेवढ्यावर टीमचा वेग वाढत नाही, कारण ग्राहकाच्या फोनवर फिग्मा चालत नाही, कोड चालतो.

मी हे दोन-तीन डिझायनर आणि आठ-दहा डेव्हलपर असलेल्या टीमसाठी लिहितोय, जशा आपल्याकडे बहुतेक आहेत. उदाहरणं व्यापाऱ्यांच्या बिलिंग ॲपची घेतो कारण माझं काम त्यातलंच आहे, हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत चालणारं, सियागंजच्या किराणा दुकानात उभ्या-उभ्या वापरलं जाणारं.

आधी ठरवा, गरज आहे का

प्रॉडक्ट अजून बाजार शोधतंय, डिझायनर एकच आहे, दर आठवड्याला सगळं बदलतंय, तर स्वतःची सिस्टम बांधू नका. तयार सिस्टम मिळतात, गूगलचं मटेरियल २०१४ पासून आहे, आयबीएमचं कार्बन ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, त्यातलं एक घ्या, रंग आणि फाँट आपले लावा आणि पुढं चला. स्वतःची सिस्टम तेव्हा लागते जेव्हा दोन टीम एकच गोष्ट वेगवेगळी बांधायला लागतात, किंवा वेब आणि अँड्रॉइड एकमेकांपासून लांब जायला लागतात, किंवा एकाच प्रॉडक्टचे दोन-तीन ब्रँड निघतात. हे झालं नसेल तर हा लेख वाचून ठेवा, काम नंतर करा.

पायरी १: जे आहे ते सगळं एकत्र मांडा

नवीन काही काढायच्या आधी ॲपच्या प्रत्येक स्क्रीनचे स्क्रीनशॉट घ्या आणि फिग्माच्या एका पानावर प्रकाराप्रमाणे लावा, सगळी बटनं एकीकडे, सगळे इनपुट एकीकडे, सगळे एररचे मेसेज एकीकडे. हे काम डिझायनरने एकट्याने करायचं नाही. डेव्हलपर, टेस्टिंगवाले आणि सपोर्टला फोन घेणारी माणसं पण बसली पाहिजेत, कारण "या मेसेजवर लोक रोज फोन करतात" हे त्यांनाच माहीत असतं. आपल्या शहरात कचरा घरातूनच सहा प्रकारांत वेगळा होऊन गाडीत जातो म्हणून पुढचं काम होतं, तसंच हे आहे, वेगळं करणं सुरुवातीलाच झालं पाहिजे, नंतर ढिगातून निवडत बसणं कुणालाच जमत नाही.

कोडच्या बाजूने पण मोजा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीएसएस ओव्हरव्ह्यू नावाचं पॅनल आहे, ते त्या पानावर वापरलेले सगळे रंग, फाँट साइझ आणि कमी काँट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक) असलेल्या जागा दाखवतं. त्याच्यासोबत कोडबेसमध्ये सरळ हेक्स रंगांसाठी (#1a73e8 असे लिहिलेले रंगांचे कोड) सर्च मारा आणि किती वेगवेगळे करडे रंग निघतात ती यादी भिंतीवर लावा. ही यादी मॅनेजरला दाखवायला सगळ्यात उपयोगी, कारण सिस्टमसाठी वेळ मागताना "कंसिस्टन्सी" हा शब्द त्यांना पटत नाही, पण "आपल्याकडे एकाच कामासाठी इतके करडे आहेत आणि प्रत्येक नवीन स्क्रीनला त्यातला कोणता यावर चर्चा होते" हे लगेच कळतं.

या पायरीतून बाहेर काय आलं पाहिजे? काय ठेवायचं याची यादी नाही, काय काढायचं याची यादी. प्रत्येक प्रकारात एक उमेदवार निवडा, बाकीच्यांवर फुली मारा, आणि फुली का मारली ते एका ओळीत लिहा.

पायरी २: टोकन

टोकन म्हणजे रंग, अंतर, अक्षराचा आकार, कोपऱ्याची गोलाई अशा निर्णयांना दिलेलं नाव. ही कल्पना सेल्सफोर्सच्या टीममध्ये २०१४ च्या सुमारास आकाराला आली, जीना ॲन आणि जॉन लेव्हीन यांनी "डिझाइन टोकन" हे नाव रूढ केलं, कारण त्यांना एकच रंग वेब, अँड्रॉइड, आयओएस तिन्हीकडे पोचवायचा होता. आज आपली अडचण पण तीच आहे.

टोकनचे तीन थर असतात. पहिला कच्चा थर, म्हणजे "निळा-६००", "करडा-१००", "अंतर-४". दुसरा अर्थाचा थर, म्हणजे "मुख्य-कृती-पार्श्वभूमी", "धोका-मजकूर", "कार्ड-आतलं-अंतर". तिसरा घटकाचा थर, "बटन-पार्श्वभूमी" वगैरे. (नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली, कोडमध्ये तुमच्या टीमच्या सवयीप्रमाणे ठेवा.) नियम एकच आणि तो मोडू द्यायचा नाही: स्क्रीन बनवताना कच्च्या थराला हात लावायचा नाही, फक्त अर्थाचा थर वापरायचा. कारण उद्या डार्क मोड आला किंवा क्लायंटने हिरवा ब्रँड मागितला तर अर्थाच्या नावामागचा रंग एका जागी बदलतो आणि सगळं ॲप बदलतं. ज्या टीमने स्क्रीनवर थेट "निळा-६००" लावलाय तिला प्रत्येक फाइल उघडावी लागते.

तिसरा थर सुरुवातीला करूच नका. जेव्हा एखाद्या ब्रँडला फक्त बटनच वेगळं पाहिजे असेल तेव्हा करा.

अंतरासाठी ४ च्या पटीत जा, ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८ एवढं बहुतेक ॲपना पुरतं. काँट्रास्ट टोकनच्या जोडीवरच तपासायचा, स्क्रीन बनल्यावर नाही. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांप्रमाणे साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ लागतो, इनपुटच्या चौकटीसारख्या गोष्टींनाही ३:१. हे पुस्तकी वाटेल, पण मे महिन्यात दुपारी दुकानाच्या ओट्यावर, कमी ब्राइटनेसच्या स्वस्त फोनवर फिकट करड्या अक्षरात बाकी रक्कम वाचून बघा, मग आकड्यांचा अर्थ समजतो. म्हणून "हा मजकूर फक्त या पार्श्वभूमीवर" अशा जोड्या टोकनच्या कागदातच लिहून ठेवा.

फिग्मात २०२३ पासून व्हेरिएबल्स आहेत, टोकन तिथे ठेवता येतात आणि मोड लावून लाइट-डार्क बदलता येतो. कोडकडे न्यायला ॲमेझॉनमध्ये सुरू झालेलं स्टाइल डिक्शनरी वापरा, ते ओपन सोर्स आहे आणि एका जेसन फाइलमधून सीएसएस, अँड्रॉइड, स्विफ्ट सगळ्यांच्या फाइली काढून देतं. टोकनचं खरं घर कोणतं, फिग्मा की गिट (कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझं मत गिट. तिथे कुणी कधी काय बदललं ते दिसतं आणि रिव्ह्यू झाल्याशिवाय काही आत जात नाही.

पायरी ३: देवनागरी, इथे वेळ द्या

परदेशातल्या सिस्टम जशाच्या तशा उचलल्या की इथेच फसगत होते, कारण त्या रोमन लिपी डोक्यात ठेवून बनलेल्या असतात आणि आपला अर्धा ग्राहक देवनागरी वाचतो.

ओळीची उंची आधी बघा. रोमनमध्ये मजकुराला १.४ किंवा १.५ चालून जातं, पण देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं, दोन्हीकडे जागा लागते. मी १.६ ते १.७ ठेवतो. लाइन-हाइट हे प्रत्येक भाषेसाठी वेगळं टोकन करा, अक्षराच्या आकाराला चिकटवून ठेवू नका. आणि बटनाला ठरावीक उंची देऊ नका, कमीत कमी उंची आणि आतलं अंतर द्या, नाहीतर "वस्तूंची" मधला उकार खालून कापला जातो. प्रत्येक घटक एका कठीण वाक्यावर तपासा, "विद्यार्थ्यांच्या वस्तूंची राष्ट्रीय नोंद" असलं काहीतरी, अर्थ लागला नाही तरी चालेल, वरची-खालची सगळी चिन्हं त्यात आली पाहिजेत.

लेटर-स्पेसिंग देवनागरीला शून्य. रोमन लेबलला थोडं अंतर छान दिसतं म्हणून तेच टोकन मराठीला लागलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्ट्या अक्षरांसारखा दिसतो. कॅपिटल आपल्याकडे नाहीत, म्हणून ज्या सिस्टममध्ये लहान हेडिंग फक्त कॅपिटलमुळे वेगळं दिसतं तिथे मराठी झाली की हेडिंग आणि मजकूर सारखेच दिसतात. वेगळेपणा जाडीने आणि रंगाने आणा. इटॅलिक पण टाळा, बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती वाकडी करतो.

फाँटसाठी एक टाइपचा मुक्ता, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, तिन्ही फुकट आणि तिन्ही स्क्रीनवर चांगले. मुक्तात सात जाड्या मिळतात म्हणून बिलासारख्या दाट स्क्रीनला तो बरा पडतो. आणि भाषेचा टॅग नीट लावा, हिंदीला हिंदीचा, मराठीला मराठीचा. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फाँटमध्ये दिलेले आहेत त्यात ते टॅग बघूनच उमटतात. आमच्या रामबागेतल्या एखाद्या आजोबांना फरक का जाणवतो हे सांगता येणार नाही, पण जाणवतो हे नक्की, आणि स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) पण त्याच टॅगवरून उच्चार कळतो.

मजकूर कापताना अक्षरं मोजून कापू नका. "क्षि" हे डोळ्याला एक अक्षर, कॉम्प्युटरला चार कोड, मध्येच कापलं की हलंत किंवा तुटकी मात्रा लोंबकळते. सीएसएसचं एलिप्सिस (शेवटी तीन टिंबं) वापरा, आणि कोडमध्येच कापायचं असेल तर जावास्क्रिप्टचं इंटल सेगमेंटर वापरा, ते दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे करतं.

आता आकडे. लाख-कोटीचे स्वल्पविराम, १२,३४,५६७ असे, हे फॉरमॅटरवर सोडा, हाताने लावू नका. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, जावास्क्रिप्टमध्ये मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) दिलं की आकडे आपोआप देवनागरी येतात आणि हिंदी-भारत दिलं की इंग्रजी (1, 2, 3) येतात. म्हणजे एकाच ॲपमध्ये भाषा बदलली की आकड्यांचं रूपच बदलतं, आणि व्यापाऱ्याला बिलावर काय पाहिजे हे कुणी विचारलेलंच नसतं. आम्ही विचारलं. मराठी मजकूर आवडला पण रक्कम त्यांना इंग्रजी आकड्यांतच हवी होती, कारण जीएसटीचे कागद आणि बँकेचे मेसेज तसेच येतात. मग नंबरिंग सिस्टम स्पष्टपणे लॅटिन (म्हणजे हेच इंग्रजी आकडे) दिली आणि हा निर्णय कारणासकट लिहिला. तुमच्या ग्राहकाचं उत्तर वेगळं असू शकेल, विचारा.

पायरी ४: पहिले घटक

बटन, मजकुराचं इनपुट, सिलेक्ट (यादीतून निवड), चेकबॉक्स, मेसेज, मोडल (स्क्रीनवर उघडणारी छोटी खिडकी), रिकामी स्थिती (दाखवायला काहीच नसतं तेव्हाचा स्क्रीन). एवढ्यावर थांबा. ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ मध्ये मांडलेली ॲटम-मॉलिक्यूल-ऑर्गॅनिझमची विभागणी (छोट्या घटकांतून मोठे घटक) विचार करायला चांगली आहे, पण सर्च बार मॉलिक्यूल की ऑर्गॅनिझम यावर मीटिंग घेऊ नका.

प्रत्येक घटकाच्या सगळ्या अवस्था आधी लिहा आणि मग काढा: साधी, फोकस (कीबोर्डने त्यावर आल्यावरची), दाबलेली, बंद, लोडिंग, एरर. लोडिंग आणि फोकस हमखास राहून जातात आणि मग डेव्हलपर मनाने काहीतरी करतो, त्यात त्याचा दोष नसतो. दाबायच्या जागेचा आकार ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी, डब्ल्यूसीएजी २.२ ची किमान मर्यादा २४ पिक्सेल आहे. काउंटरवरच्या घाईत चालणाऱ्या ॲपला ४८ घ्या.

किती बारकाईने जायचं त्याचं एक उदाहरण देतो, रक्कम भरायचं इनपुट. दिसायला साधा डबा. पण नंबर टाइपचं इनपुट लावलं तर त्यात स्वल्पविराम चालत नाहीत, माउसचं चाक फिरलं की डेस्कटॉपवर आकडा बदलू शकतो. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टमने पण २०२० मध्ये हा प्रकार सोडून साधं टेक्स्ट इनपुट आणि नंबरांचा कीपॅड असा मार्ग घेतला. तर टेक्स्ट टाइप, इनपुटमोड डेसिमल, पेस्ट केलेल्या रकमेतले स्वल्पविराम आणि ₹ काढून टाकायचे, कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले तर ते पण स्वीकारून बदलायचे, रक्कम उजवीकडे लावायची, आकडे सारख्या रुंदीचे ठेवायचे म्हणजे खाली-खाली जुळतात. एवढं सगळं एकदा केलं की बिल, उधारी, खरेदी, परतावा, सगळ्या स्क्रीनवर ते तयार मिळतं. वेग इथून येतो, रंगांच्या पॅलेटमधून नाही.

मोडल आणि सिलेक्टसारखे घटक शून्यातून लिहू नका, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरचं वागणं फार किचकट असतं. रॅडिक्स किंवा ॲडोबीचं रिॲक्ट एरिया अशी तयार लायब्ररी घ्या, वागणूक त्यांची, रूप तुमचं.

पायरी ५: पॅकेज, स्टोरीबुक, नियम

घटक एका वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा आणि व्हर्जन सेमव्हर पद्धतीने द्या, तुटणारा बदल असेल तर पहिला आकडा, नवी सोय असेल तर मधला, दुरुस्ती असेल तर शेवटचा. स्टोरीबुकमध्ये (घटक ॲपबाहेर एकेकटे दाखवणारं टूल) प्रत्येक अवस्था तिन्ही भाषांत दिसली पाहिजे. प्लेराइट या टेस्टिंगच्या टूलने स्क्रीनशॉट तुलना लावून ठेवा, म्हणजे एका ठिकाणी पॅडिंग बदललं आणि दुसरीकडे काही सरकलं तर मर्ज व्हायच्या (मुख्य कोडमध्ये जायच्या) आधी दिसतं. आणि स्टाइललिंट या सीएसएस तपासणाऱ्या टूलमध्ये नियम टाका की प्रॉडक्टच्या कोडमध्ये सरळ हेक्स रंग आला तर बिल्ड अडेल. सुरुवातीला फक्त वॉर्निंग ठेवा, जुना कोड साफ होत गेला की एरर करा.

डॉक्युमेंटेशन छोटं ठेवा. कधी वापरायचं, कधी नाही, का ठरवलं. शेवटचं "का" सगळ्यात महत्त्वाचं, आणि इंदूरमध्ये तर जास्तच, कारण आपल्याकडे मुलं कॉलेजातून थेट येतात, छान शिकतात आणि दोन वर्षांत पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. त्यांच्यासोबत निर्णयाचं कारण गेलं की नवीन माणूस तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. भाषा ऑफिसात बोलता तीच लिहा, हिंदी-इंग्रजी मिसळलेली चालेल, वाचली गेली पाहिजे.

पायरी ६: कोण ठरवणार

एक डिझायनर आणि एक डेव्हलपर, दोघांची नावं उघड लिहिलेली, आणि त्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाचा ठरलेला छोटा टप्पा) या कामासाठी जागा राखलेली. "वेळ मिळेल तेव्हा" असं ठेवलं तर वेळ मिळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास खुली बैठक, ज्याला जे अडतंय ते घेऊन यावं.

नवीन घटक कधी आत घ्यायचा याला साधा नियम ठेवा: तीन वेगळ्या ठिकाणी लागला तर. एका ठिकाणी लागतोय तर टीमने स्वतःकडे बनवावा, टोकन मात्र सिस्टमचेच वापरावेत, आणि त्यावर "स्थानिक" अशी खूण करावी. ही वाट मोकळी ठेवणं फार गरजेचं आहे, कारण डेडलाइन उद्या आहे आणि सिस्टमवाले "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात अशा टीममध्ये लोक गुपचूप कॉपी-पेस्ट करतात आणि ते कधी सापडतच नाही. खूण केलेलं स्थानिक काम निदान शोधता येतं, आणि तिसऱ्यांदा दिसलं की आत घेता येतं.

नवीन आलेल्या मुलांचं ऐका. "दादा, हे दोन्ही सारखेच आहेत ना?" असं कुणी विचारलं तर बहुतेक वेळा ते सारखेच असतात आणि एक काढता येतो.

पायरी ७: जुनं काढत जाणं

सगळं ॲप थांबवून नव्याने लिहायला घेऊ नका, ते अर्धवट राहतं. पुढच्या स्प्रिंटचं एक नवीन फीचर पूर्णपणे नव्या सिस्टमवर करा. त्यात जे कमी पडेल ते सिस्टममध्ये भरा. मग सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्क्रीन घ्या, आमच्याकडे बिलाचा, आणि तो बदला. सेटिंगचे कोपऱ्यातले स्क्रीन शेवटी, काही तर बदलायची गरजही पडत नाही कारण ते फीचरच बंद होतं.

प्रगती मोजायला घटकांची संख्या मोजू नका, चाळीस घटक असलेली आणि कुणी न वापरलेली सिस्टम असू शकते. कोडमध्ये उरलेले सरळ हेक्स रंग किती, जुन्या बटनाचे इंपोर्ट (कोडमध्ये ते आणून वापरल्याच्या जागा) किती उरलेत, सिस्टमच्या घटकावर वरून स्टाइल लादल्याच्या जागा किती, हे तीन आकडे दर रिलीजला काढा. तिसरा आकडा एका घटकावर वाढत असेल तर लोकांना ओरडू नका, तो घटक त्यांची गरज भागवत नाहीये, तिथे जाऊन बघा.

जुना घटक काढायचा क्रम असा: आधी त्याला डेप्रिकेटेड (म्हणजे आता वापरू नका) खूण, सोबत कशाने बदलायचा ते उदाहरणासकट. बदल यांत्रिक असेल तर कोडमॉड (कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट) लिहून द्या, म्हणजे प्रत्येक टीमला हाताने करावं लागत नाही. एक-दोन रिलीज वॉर्निंग राहू द्या, चेंजलॉगमध्ये काढायची तारीख लिहा, आणि इंपोर्ट शून्यावर आले की पुढच्या मेजर व्हर्जनमध्ये फाइल डिलीट करा. फिग्मातून पण त्याच दिवशी, नाहीतर कुणीतरी जुन्या स्क्रीनची कॉपी काढतो आणि ते बटन पुन्हा परत येतं.